आधी दुरुस्ती शिक

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि दोनदा वाचलं. आजोबांचं काम पुढे न्यायचं तुझ्या मनात आलंय, हे वाचून किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही. मी तुझ्या आजोबांच्याच हाताखाली शिकलो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते माझ्या पदरचं कमी आणि त्यांच्या कारखान्यातलं जास्त आहे, असं समज.

मिरजेची तंतुवाद्यांची कला टिकवायची तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. सोबत आराखडाही पाठवलास: जुन्या कारागिरांचं चित्रीकरण, एक वेबसाइट आणि नवे तानपुरे करवून घेऊन परदेशात विक्री. यातलं काहीच वाईट नाही. पण मला विचारशील तर आधी दुरुस्ती शिक. नवा तानपुरा नंतर कर, आणि विकायचा विचार त्याच्याही नंतर.

तुला हे काम कमी दर्जाचं वाटेल. आपल्याकडेही 'तो काय, दुरुस्तीवाला' असं म्हणणारे आहेत. पण मिरजेतला हा सगळा धंदा दुरुस्तीतूनच उभा राहिला. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं घासून लखलखीत करणारे लोक. इंग्रजांचं राज्य आलं, शस्त्रांचं काम संपलं आणि या हातांना काम उरलं नाही. त्याच काळात पटवर्धनांच्या संस्थानात उत्तरेकडचे गवई-वादक येत होते. त्यांचं वाद्य बिघडलं की इथे ते नीट करणारं कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांकडे अशी वाद्यं आली. त्यांनी ती खोलून पाहिली, नीट केली आणि नीट करता करता नवी घडवायला लागले, अशी हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हणजे आधी दुरुस्ती आली, वाद्य मागून आलं. तूही त्याच वाटेनं ये.

माझं याहून मोठं कारण मात्र वेगळं आहे. जुना तानपुरा दुरुस्तीला येतो तेव्हा तो करणारा कारागीर गेलेला असतो, पण त्याचं काम तुझ्यासमोर उघडं असतं. तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी पाटी, उचकटली की आत सगळं दिसतं. भोपळ्याला कुठे आतून कापड चिकटवलंय, दांडी आणि गळा यांचा सांधा कसा बसवलाय, तबलीचं लाकूड कुठे जाड ठेवलंय आणि कुठे तासून पातळ केलंय. बाहेरून सगळी तबली सारखी दिसते. आत बोट फिरवलंस की कळतं, तिची जाडी सगळीकडे सारखी नाही, आणि ती चुकून तशी झालेली नाही. ही जाडी कुठल्या कागदावर लिहिलेली नसते. तुझे आजोबा अशी तबली उजेडाकडे धरायचे, टिचकी मारायचे, ऐकायचे, पुन्हा टिचकी मारायचे. मग मला म्हणायचे, "तू वाजव." बोलायचे एवढंच.

जुनी कामं सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकानं, जोडलेली असत. सरस गरम पाण्यानं सुटतो, म्हणजे वाद्य पुढेमागे खोलावं लागणार हे करणाऱ्यानं धरलेलंच असायचं. आता सर्रास जो पांढरा गोंद वापरतात तो पक्का असतो, झटपट वाळतो, पण सांधा उघडायची वेळ आली की लाकूडच फाटतं. मी नव्या वस्तूंच्या विरोधात नाही. हस्तिदंताची घोडी, म्हणजे तबलीवरची तारा टेकतात ती पट्टी, गेली ते चांगलंच झालं. आज हाडाच्या, लाकडाच्या, एबोनाइटच्या घोड्या बसवतात आणि नीट काढलेल्या असतील तर सुरेल बोलतात. पण जे वाद्य पुन्हा उघडता येत नाही ते शंभर वर्षं कसं जगणार? हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्यालाच पडतो. नुसतं नवं करून विकणाऱ्याला पडत नाही.

आता जवारीबद्दल, म्हणजे तार घोडीवर टेकून जो भरदार, गुंजणारा आवाज निघतो त्याबद्दल; तो यावा म्हणून घोडीची पाठ घासतात, त्याला जवारी काढणं म्हणतात. तू इंजिनिअर आहेस, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तानपुऱ्याची घोडी चपटी दिसते, पण तिच्या पाठीला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. तो केसभर पुढेमागे झाला तरी आवाज उघडतो किंवा मिटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात हीच घोडी होती. शास्त्राप्रमाणे तार ज्या जागी छेडावी, त्या जागी ज्यांचा कंप शून्य असतो ते स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर) ऐकू येऊ नयेत. तानपुऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीची ही पाठ आहे, हे त्यांनी दाखवलं. चांगली जवारी काढलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या तारेतून, गंधार आपोआप ऐकू येतो, गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो इथूनच.

हे वाचून तुला समजेल, पण जवारी काढता येणार नाही. त्यासाठी कानस हातात घ्यावी लागते. चार तारा, प्रत्येकीकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. खर्जाची तार जाड असते, तिला घोडीवर जोडाच्या, म्हणजे मधल्या एकाच स्वरातल्या दोन, तारांपेक्षा वेगळी जागा लागते. एक हलका हात मारायचा, घोडी पुसायची, तार चढवायची, स्वरात लावायची, ऐकायचं. पुन्हा तार उतरवायची, पुन्हा हलका हात. एक हात जास्त बसला तर आवाज फुटतो, तार चरचरते, मग सगळी पाठ पुन्हा घासून पहिल्यापासून सुरुवात. घाईत असलेल्या माणसाचं हे काम नाही. नवीन पोरगा सुरुवातीला कानशीकडे बघत बसतो. काही महिन्यांनी तो डोळे मिटून काम करायला लागला की आम्ही समजतो, आता याचा कान उघडला. माझ्या मुलीचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. आज आमच्या कारखान्यात जवारीचं काम तीच बघते. 'बायकांचं हे काम नव्हे' असं म्हणणारे जे होते, तेच आता आपले तानपुरे तिच्याकडे घेऊन येतात.

आणि जवारी एकदा काढली म्हणजे संपलं, असं नाही. वाजवता वाजवता तार घोडीत रुतते, बारीक खाच पडते, आवाज बोथट होतो. रोज रियाज होणाऱ्या तानपुऱ्याची जवारी अधूनमधून काढावीच लागते. मुंबई-पुण्याकडे माणूस मिळेल, पण बाकी ठिकाणी कोण आहे? नागपूर, जळगाव, नांदेड, रत्नागिरी, पणजी, कुठेही बघ. घरोघरी तानपुरे आहेत. आईनं, आजीनं हौसेनं मिरजेहून नेलेले. आज ते कपाटावर गवसणीत पडून आहेत. लोक म्हणतात, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमधला आला, आणि खऱ्या तानपुऱ्याचं दिवाळं वाजलं. मला हे अर्धंच पटतं. कितीतरी घरांत आधी जवारी गेली, खुंटी सरकायला लागली, गावात नीट करणारं कुणी नव्हतं, मिरजेला पाठवायचं म्हणजे वाटेत भोपळा फुटायची भीती. म्हणून तो गवसणीत गेला आणि मग मोबाइल उघडला गेला. गाणाऱ्या मुलीला स्वरात लागत नसलेल्या तानपुऱ्यापेक्षा यंत्र बरं वाटलं, यात तिचा काय दोष?

म्हणून मी म्हणतो, ही कला वाचवायची तर गावोगावी जवारी काढणारे हात हवेत. मिरजेत नवे तानपुरे कितीही झाले आणि ते पाच वर्षांत मुके होणार असतील, तर ती आपण आपलीच गिऱ्हाइकं घालवली. तू नागपुरात राहतोस. तिथेच बस. आठवड्याचे दोन दिवस एका खोलीत तारा, घोड्या, कानस, सरस घेऊन बसलास तरी वर्षभरात शहरातले गायक तुला नावानं ओळखतील. त्यांच्याशी बोलताना तू जे शिकशील ते मिरजेत बसून शिकता येत नाही. पुरुषाचा तानपुरा काळी एकच्या खालच्या पट्टीत बोलका असेल तर तोच काळी चारच्या चढ्या पट्टीत का गुदमरतो, मालकंसात पंचमाची तार मध्यमावर उतरवली की जवारी का बदलते, हे गवयाच्या समोर बसल्याशिवाय कळत नाही.

भोपळ्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण मला त्याची काळजी सगळ्यात जास्त आहे. आपले मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमेच्या काठच्या शेतांतून येतात. हे खाण्याचे नव्हेत, कडू असतात. वेलावरच पिकू द्यायचे, जमिनीवर टेकून एका बाजूला सपाट होऊ नयेत म्हणून नजर ठेवायची, मग कित्येक महिने वाळवायचे. वाळला की कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर-बिया खरवडून तोंड पसरवायचं आणि आत काड्या लावून त्या आकारात पुन्हा सुकू द्यायचा. यातलं निम्मं काम शेतकऱ्याचं आहे. अवकाळी पाऊस झाला, गारपीट झाली की चांगला भोपळा हाती लागत नाही. आणि ऊस लावला की शेतकऱ्याला एवढी राखण करावी लागत नाही. मग तो भोपळा कशाला लावेल? कारागिरांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या तोंडी या शेतकऱ्याचं नाव मी क्वचितच ऐकलं. तुझ्या वेबसाइटवर कारागिराच्या फोटोशेजारी भोपळा पिकवणाऱ्याचाही फोटो असू दे. आणि फोटोच्या आधी त्याला रोख, वेळेवर आणि उसाशी तुलना करून परवडेल असा भाव दे. भोपळा आला नाही तर तुझी-माझी सगळी विद्या कपाटात.

भौगोलिक मानांकनाचंही तू विचारलंस. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला ते मिळालं, चांगलं झालं, गावाचं नाव लावून कुठलाही माल खपवणाऱ्यांना थोडा चाप बसेल. पण त्या शिक्क्यानं तानपुरा सुरेल होत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण आपल्या लोकांना ते बोलायला लाज वाटते. या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या मजुरी नगावर ठरत आली. भोपळा एक जण तयार करतो, दांडी दुसरा, नक्षी तिसरा, पॉलिश चौथा, तारा-जवारी पाचवा. दुकानात वाद्याची किंमत वाढते, या पाचांची मजुरी त्या मानानं वाढत नाही. नक्षी काढणारा म्हातारा झाला की त्याचा मुलगा दुसरीकडे कामाला लागतो, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क मला तरी वाटत नाही. तू दुरुस्तीला बसशील तेव्हा पहिल्या दिवसापासून पावती दे. कामाला किती तास लागले ते लिहून ठेव आणि तासाचे पैसे लाव. ओळखीतले, नात्यातले, थोर गवई, सगळ्यांना तेच. "कलेची सेवा" म्हणून फुकट काम करून घेणारे येतील. त्यांना नमस्कार कर आणि पावती हातात दे. तू स्वतःला परवडेल असा दर लावलास तरच तुझ्या मागचा पोरगा या कामात येईल. नाही तर तोही नोकरी शोधेल.

चित्रीकरण जरूर कर, पण एक ऐक. आपल्याकडे येऊन कितीतरी जणांनी कॅमेरे लावले. म्हाताऱ्या कारागिरानं कानस कशी धरली ते दिसलं, त्यानं काय ऐकून हात थांबवला ते दिसलं नाही. तू ते काम शिकल्यानंतर कॅमेरा धरशील, तर काय टिपायचं ते तुला कळेल. एकच घोडी, हात मारण्याआधीचा आवाज, नंतरचा आवाज, पुन्हा पुढचा, असं जपून ठेव. असं काही माझ्या तरुणपणी हाती असतं तर माझा केवढा वेळ वाचला असता.

काम सोपं नाही हेही लिहून ठेवतो. लाकडाचा भुगा छातीत जातो, तेव्हा तोंडाला फडकं बांधायची सवय पहिल्यापासून लाव. चपड्याचं पॉलिश बंद खोलीत करू नकोस. मांडी घालून दिवसभर बसल्यावर पाठ बोलते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, पॉलिश धड वाळत नाही. त्या दिवसांत जवारीच्या कामाला हात घालू नये, असं तुझे आजोबा सांगायचे. मी अजून पाळतो.

तर असं कर. नोकरीचा राजीनामा आत्ता देऊ नकोस. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की महिनाभराची रजा काढून ये. राहायची-जेवायची सोय आमच्याकडे. तुमच्या घरी आजोबांनी आजीसाठी केलेला तानपुरा आहे, तो सोबत आण. तारा सैल करून, गवसणीत घालून, भोपळ्याला रजई गुंडाळ आणि गाडीत मांडीवर घेऊन बस, डिक्कीत टाकू नकोस. त्याची खर्जाची खुंटी सरकते असं तुझी आई फोनवर म्हणाली होती. पहिलं काम तेच घेऊ. तबली उघडावी लागेल की नाही ते आल्यावर बघू.

तुझा,
काका