वाचकांचे प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू

प्रश्न : लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर विंडोज ११. शेजारी उबुंटू (लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय. सी ड्राइव्हमध्ये २८० जीबी मोकळी दिसते, पण डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ १८ जीबीच्या पुढे जायला तयार नाही. सगळं फॉरमॅट मारावं लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. श्रिंक जागा कापतं ती पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या भागाच्या, इथे सी ड्राइव्हच्या) शेवटाकडून. वाटेत न हलणारी एखादी फाइल लागली की तिथेच अडतं, मग अलीकडे कितीही जागा रिकामी असो. अडवणाऱ्या फाइली बहुधा हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणं), पेजिंग (रॅमच्या जोडीला डिस्क वापरणं) आणि सिस्टिम रिस्टोअर (विंडोज जुन्या स्थितीत नेणं) यांच्या असतात.

त्या तात्पुरत्या हटवायच्या आहेत, पण त्याआधी एक काम. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ही की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेलाच म्हणायचा. बॅकअप घ्या हे वेगळं सांगायला नको.

आता कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ ही कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). हायबरनेशनची फाइल जाते, सोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं. ते तसंही बंदच हवं. चालू असलं तर शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि उबुंटूत सी ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर काही लिहिता येत नाही. मग व्हर्च्युअल मेमरीत ‘नो पेजिंग फाइल’ निवडा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा (जुने रिस्टोअर पॉइंटही पुसून टाका), रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करून पाहा. चौकटीत आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो : ८० जीबीसाठी ८१९२०. मोकळी झालेली जागा ‘अनॲलोकेटेड’च राहू द्या, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. नंतर पेजिंग आणि प्रोटेक्शन परत चालू करा.

उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन हाताने निवडत असाल तर आधीपासूनच असलेलं साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) वापरा, पण त्याच्यापुढच्या ‘फॉरमॅट’वर टिक नको. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली तिथेच असतात.

प्रश्न : उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे!

उत्तर : सकाळी नऊला साडेतीन, बरोबर? मदरबोर्डवरच्या घड्याळात उबुंटू यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड द्या. एकदाच पुरते.

प्रश्न : उबुंटूचं पार्टिशन उडवलं, आता लॅपटॉप ‘ग्रब’ लिहिलेल्या काळ्या पडद्यावरच थांबतो.

उत्तर : ग्रब म्हणजे उबुंटूने बसवलेला, लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम. त्याचा सुरुवातीचा तुकडा ईएफआय पार्टिशनमध्ये उरलाय, बाकीचा पार्टिशनबरोबर गेला. विंडोज शाबूत आहे. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणा.