खुर्च्या ठेवा, भटारखाना बदला

प्रश्न : गिरगावातलं आजोबांचं उपाहारगृह आता मी चालवतो. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आरसे, नक्षीच्या फरश्या, सगळं जुनंच आहे. टेबलांवर डाग पडलेत, खुर्च्या डुगडुगतात. इंटिरियरवाले म्हणतात, सगळं काढून ग्रॅनाइट लावा. एक व्यापारी खुर्च्यांना चांगला भाव देतोय. काय करावं?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : खुर्च्या विकू नका. हे आधी सांगतो, कारण एकदा गेल्या की तशा परत मिळत नाहीत. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून मायकेल थोनेटने व्हिएन्नात १८५९ साली अशी खुर्ची बाजारात आणली. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून ती जगभर गेली. आपल्या इराणी हॉटेलांतून दिसते ती हीच घडण. तुमच्या खुर्च्या उलट्या करून बैठकीच्या कड्याला आतून बनवणाऱ्याची चिठ्ठी किंवा छाप आहे का, ते पाहा.

डुगडुगणारी खुर्ची बिघडलेली नसते, तिचे स्क्रू सैल झालेले असतात. ते आवळा. भोक मोठं झालं असेल तर लाकडी खुंटी डिंकाने बसवून नव्याने स्क्रू घाला. खिळा मात्र ठोकू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खुर्च्यांत असा खिळा हमखास निघतो आणि त्याच जागी लाकूड चिरलेलं असतं. फार वाईट वाटतं.

टेबलांवर लिंबू, चिंच, ताक सांडून संगमरवराची झिलई जाते. तेव्हा डाग काढायला पुन्हा लिंबू किंवा अ‍ॅसिड घेऊ नका. तेलकट डागावर खायच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवा. थोडा डाग राहिला तर राहू द्या.

फरशीला घासायचं मशीन लावू देऊ नका. सिमेंटच्या या फरश्यांत रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, नक्षीच निघून जाईल. फुटलेल्या फरश्यांसाठी १९२२ पासून हेच काम करणाऱ्या भारत फ्लोअरिंग्जकडे नमुना घेऊन जा.

आरशांचा पारा भिंतीच्या ओलीने काळा पडतो. मागे लाकडी पट्ट्या देऊन बोटभर हवा खेळू द्या.

बदलायचंच असेल तर भटारखाना बदला, वायरिंग बदला, मोरी बदला. तिथे जुनं जपण्यात काही अर्थ नाही.

मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली, पण ती इमारतींसाठी. तुमच्या टेबल-खुर्च्यांचे राखणदार तुम्हीच. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर आत्ताच प्रत्येक भिंतीचे फोटो आणि मापं घेऊन ठेवा आणि नव्या गाळ्याची उंची करारात लिहून घ्या. छत बुटकं आलं तर ते आरसे लावणार कुठे?