बाबा, माझ्यावर लिहू नकोस

ताई, सप्रेम नमस्कार.

मी 44 वर्षांचा. डोंबिवलीला राहतो, नोकरी फोर्टमध्ये. घरी आई, बायको, आठवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. परतीच्या गाडीत बसायला मिळालं की घरातल्या गमतीजमती फोनवर लिहून काढतो आणि नातेवाइकांच्या व सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. लोक आवडीने वाचतात. तीन आठवड्यांपूर्वी मुलगी बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीचं भाषण म्हणून बघत होती. मी दाराबाहेरून ऐकलं आणि त्यावर लिहिलं. सोसायटीतल्या एका मुलाने ते शाळेत नेलं. पोरांनी तिला तिचीच वाक्यं म्हणून दाखवली. तिने निवडणुकीतून नाव मागे घेतलं. मला एवढंच म्हणाली, "बाबा, तू माझ्यावर लिहू नकोस." तेव्हापासून जेवताना ती बोलत नाही. परवा काहीतरी सांगायला लागली, तर धाकटा म्हणाला, "ताई, गप्प. बाबा लिहील." बायको म्हणते, वयच तसं आहे, निवळेल. माझ्या मात्र घशाखाली घास उतरेना. मी कुणाची थट्टा करायला लिहीत नाही, प्रेमाने लिहितो. लिहिणं सोडू का? की ती जरा जास्तच मनाला लावून घेतेय?

– डोंबिवलीचा एक बाबा

प्रिय बाबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेले तीन लेखही वाचले. आधी लेखांबद्दल बोलते, कारण उत्तर तिथेच सापडतंय.

डब्यांच्या अदलाबदलीचा तुमचा लेख मला फार आवडला. पहाटे अर्धवट झोपेत डबे भरताना गफलत झाली. लेकीच्या डब्यात कारल्याची भाजी आणि तीन पोळ्या गेल्या, तुमच्या वाट्याला जॅम लावून गुंडाळलेली पोळी आणि चार द्राक्षं आली. दुपारी ऑफिसात सगळ्यांसमोर तो गुलाबी डबा तुम्ही उघडलात. संध्याकाळी घरी आल्यावर लेकीला विचारलंत, "कारलं खाल्लंस?" आणि ती म्हणाली, "अर्धं. तू द्राक्षं संपवलीस ना?" ही दोन वाक्यं वाचून मी थांबले. एका मुलीचं आणि बापाचं किती छान चाललंय, हे त्यात सगळं आलं. तुम्हाला बघता येतं. कोण काय बोललं, कसं बोललं, ते कानात राहतं तुमच्या. आपल्याकडे कितीतरी घरांत बापाला लेकीची तुकडी कोणती तेही आठवत नाही. तुम्हाला तिच्या डब्यातली द्राक्षं आठवतात. म्हणून लिहिणं सोडू नका. हे उत्तर आधीच देऊन टाकते.

आता आरशाचा लेख. तोही तुम्ही प्रेमानेच लिहिलाय, याबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही लेख शेजारी ठेवून बघा. डब्याच्या गोष्टीत तुम्ही आत होतात. फजिती झाली ती दोघांची, आणि हसलात तेही दोघं. आरशाच्या गोष्टीत तुम्ही दाराबाहेर उभे होतात. आत ती एकटी होती, दाराला कडी होती, आणि आपलं कुणी ऐकतंय हे तिला माहीत नव्हतं. ती गोष्ट तिची होती. ती अजून पुरी झालेलीसुद्धा नव्हती. भाषण पाठ करणारं माणूस अडखळतं, तेच वाक्य पाच वेळा म्हणतं, हात कुठे ठेवायचे ते ठरवतं. लोकांसमोर नीट उभं राहता यावं म्हणूनच तर ते सगळं आधी एकट्याने करायचं असतं. तिची तयारी लोकांनी पाहिली आणि भाषण राहूनच गेलं.

तुमच्या पत्नी म्हणतात ते वयाचं म्हणणं अर्धं खरं आहे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 साली या वयाबद्दल एक गोष्ट मांडली होती. किशोरवयात मुलांना सारखं वाटत राहतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. गालावर एक पुटकुळी आली तरी सगळ्या वर्गाचं लक्ष तिच्याकडेच आहे. या बघणाऱ्यांना त्याने 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. मुलं मोठी होतात तसे ते प्रेक्षक हळूहळू उठून जातात. पण तुमच्या लेकीच्या बाबतीत ते काल्पनिक राहिलेच नाहीत. नातेवाइकांच्या ग्रुपवर होते, सोसायटीच्या ग्रुपवर होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात होते. तिला जे वाटलं ते खरंच घडलं होतं. मग ती जास्त मनाला लावून घेतेय असं कसं म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की मित्र तुम्हाला 'आमचा चिमणराव' म्हणतात. मोठा मान आहे तो. पण चिमणरावाच्या विनोदी कथा लिहिणारे चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते, आणि चिमणराव, गुंड्याभाऊ, सगळं ते घर त्यांनी मनाने उभं केलेलं होतं. शिवाय चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो. तुमची लेक मात्र खरी आहे, तिला रोज शाळेत जायचं असतं, आणि तिची फजिती दुसऱ्याने सांगितली.

आता माझं थोडं सांगते. इतकी वर्षं हे सदर लिहितेय, पण हे कधी लिहिलं नव्हतं.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. बाबा गोदीत कारकून होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असायचं. 1973 साली ते निघालं आणि दोनेक वर्षांत आमच्याकडे आलं. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, वाण्याचे किती द्यायचे, सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं असे. दुधाच्या आकड्याखाली उरलेल्या बोटभर जागेत बाबा पेन्सिलीने काहीबाही लिहायचे. आम्हाला वाटे, हिशेबच असणार. ते गेल्यावर माळा साफ करताना नाडीने बांधलेली सात कॅलेंडरांची गुंडाळी मिळाली. त्यात एका जून महिन्यात, 'खाडा' या शब्दाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : "थोरली आज एकटी रस्ता ओलांडून शाळेत गेली. मी मागे होतो. तिला माहीत नाही." थोरली म्हणजे मी. मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. ते कॅलेंडर आजही माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे.

याच बाबांनी मला दुखावलंही होतं. मी अकरा वर्षांची असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणं म्हटलं आणि वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बाबा ते करून दाखवायचे. मान वर, डोळे मिटलेले, आवाज फाटतो तिथे हात हवेत. फार कौतुकाने करायचे, करून झालं की माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. पाहुणे पोह्यांच्या बशा सावरत हसायचे. दोन वर्षं हे चाललं. मी चारचौघांत पुन्हा कधी गायले नाही. माझ्या मुलींनासुद्धा अंगाई दार लावून म्हटली. बाबांना हे कधीच कळलं नाही, कारण मी कधी सांगितलंच नाही. त्या वेळी बापाला असं सांगायची रीतच नव्हती.

तुमच्या लेकीने तुम्हाला सांगितलंय. "बाबा, तू माझ्यावर लिहू नकोस." या वाक्याने तुम्हाला दुखलं, मला माहीत आहे. पण मला ते वाचून तुमच्या घराबद्दल भरवसा वाटला. बाप ऐकेल, असं वाटतं म्हणूनच मूल असं तोंडावर बोलतं. या वाक्यावर काय होतं, त्याची ती आता वाट बघतेय. तीन आठवडे झाले, म्हणून लवकर करा.

आधी माफी मागा. तुम्ही दोघंच असताना. दूध आणायला, दळण टाकायला, कुठेही बरोबर चालत असताना सांगा. समोरासमोर बसवलंत तर तिला चौकशीसारखं वाटेल. आणि माफी नीट मागा. "तुला वाईट वाटलं असेल तर" असं म्हणू नका, "अगं, मी गमतीने लिहिलं होतं" असंही नको. काय केलं तेच सांगा : तू आत एकटी होतीस, मी बाहेरून ऐकलं, तुला न विचारता लोकांना सांगितलं, आणि त्यामुळे तुझी निवडणूक गेली. मग थांबा. ती गप्प राहील, किंवा "हं" म्हणेल, किंवा तीन आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर काढेल. काहीही झालं तरी मध्ये बोलू नका, आणि त्या क्षणी विनोद तर अजिबात करू नका. पाणीपुरी, नवीन कंपास, असलं काही त्या दिवशी घेऊन देऊ नका. माफीची किंमत लावल्यासारखं होतं.

व्हॉट्सॲपवरचा लेख आता सगळ्यांच्या फोनमधून पुसता येणार नाही. त्याची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती कधीच गेली. हे तिलाही ठाऊक असणार. या गोष्टी मुलांना आपल्याआधी कळतात. म्हणून दोन्ही ग्रुपवर एक ओळ टाका : तो लेख मी मुलीला न विचारता लिहिला होता, तो पुढे पाठवू नका, त्यावर बोलू नका. पण टाकण्याआधी ही ओळ तिला दाखवा. ती नको म्हणाली तर टाकू नका. त्या मुलाच्या आईवडिलांकडे जायचं की नाही, वर्गशिक्षिकेला सांगायचं की नाही, तेही तिलाच विचारा. तुम्ही तावातावाने शाळेत गेलात तर वर्गात तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट तयार होईल.

मग लिहिण्याचं. एक वही आणा, साधी, शंभर पानी. गाडीत तीत लिहा. त्यात सगळं येऊ दे, आरसासुद्धा. ती वही घरची. तिच्यातलं काही बाहेर द्यायचं असेल, तर ज्याच्यावर आहे त्याला आधी वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला की विषय संपला. 'का' असं विचारायचं नाही. आईंनाही विचारायचं. म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्यावर लिहिणं सगळ्यात सोपं असतं, आणि त्यांना ते किती लागतं हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत. तुमचा तिसरा लेख आईंच्या चष्म्यावरचा आहे, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि धाकट्यालाही विचारायचं. तो सहा वर्षांचा आहे, आज सगळ्याला "हो लिही" म्हणेल, खूश होईल. तरी विचारा. "बाबा लिहील" हे त्याच्या तोंडून आलेलं वाक्य मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं. घरात बोलताना जपून बोलायचं असतं, हे तो पहिलीत असताना शिकला. बाबा विचारतो आणि नाही म्हटलं तर ऐकतो, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसलं की त्याची ती भीती जाईल. एका आठवड्यात जाणार नाही, आणि ताईची तर त्याहून सावकाश. जेवणाच्या ताटावर तिला बोलतं करायचा प्रयत्न करू नका. तुम्ही तुमच्या दिवसाचं सांगत राहा, गाडीचं, ऑफिसचं. एखाद्या रात्री ती मध्येच काहीतरी बोलेल. तेव्हा फोन खिशात असू दे.

पुढच्या वर्षी ती निवडणुकीला उभी राहील की नाही, हे मला सांगता येणार नाही. राहिली, तर तयारीला तिला बंद दार आणि घरात सगळ्यांनी मोठ्या आवाजात टीव्ही लावलेला अर्धा तास द्या.

तुमच्या पत्रात तिच्या भाषणातली दोन वाक्यं होती. छान होती. ती मी इथे छापलेली नाहीत. तिला कुणी विचारलेलं नाही.

तुमची,
ताई