१९६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये नवीन कोयोटी इंजिन (फोर्डचं आधुनिक पाच लिटरचं व्ही-एट) आणि मस्टँग-टू पद्धतीचं पुढचं सस्पेन्शन बसवावं का? साधारण खर्च किती येईल?

शॉक टॉवर, म्हणजे पुढच्या चाकांवरचे स्प्रिंग धरणारे पत्र्याचे उभे खांब, कापू नका. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आधी इंजिन, मग सस्पेन्शन आणि ब्रेकचं नावच नाही, हा तुमच्या प्रश्नातला क्रम थेट आमच्या साडूंचा आहे, म्हणून लिहायला बसलो. मी मिशिगनमध्ये, ते ओहायोत. दोघांकडेही ६६ ची कूपे, दोन्ही मूळच्या २८९ च्या (२८९ घन इंचांचं व्ही-एट). त्यांनी टॉवर कापून कोयोटी घातलं, मी नाही घातलं. हा वाद दर दिवाळीला फराळाबरोबर निघतो.

आधी ब्रेक बघा. ६६ च्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. दोन सर्किटचा ६७ पासून आला. कोयोटी २०११ मध्ये आलं तेव्हाच ४१२ हॉर्सपॉवरचं होतं. ते या ब्रेकवर चालवायचं धाडस मला तरी नाही.

आता टॉवर. या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) उभी असते आणि तिचं डोकं टॉवरमध्ये. पुढच्या चाकांचे धक्के टॉवरमधून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे जातात. वेगळी चॅसी नाहीच, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. कोयोटीची दोन-दोन कॅमची हेड्स रुंद, म्हणून टॉवर जातात. मग मस्टँग-टूचा क्रॉसमेंबर (आडवी तुळई) वेल्ड करतात आणि तोच भार इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या रेल्सवर येतो. त्या रेल्स त्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. शिवाय ज्याला सगळे ‘नवीन’ म्हणतात तो आराखडा १९७४ ते ७८ च्या, फोर्ड पिंटोच्या नात्यातल्या लहान गाडीचा! त्यापेक्षा ६५ च्या जीटी-३५० वर (शेल्बीने सुधारलेल्या मस्टँगवर) केलं होतं तेच करा: वरचा आर्म एक इंच खाली घ्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडायची, बस्स. वळणावर बाहेरचं चाक आत झुकतं आणि टायर रस्ता धरून ठेवतो. टॉवर आणि फायरवॉल यांच्यात एकसंध एक्सपोर्ट ब्रेस (दोन्ही टॉवर फायरवॉलला बांधणारी पट्टी) लावा. आमचे साडू याला ‘जुनाट उपाय’ म्हणतात. ओहायोतल्या हॉकिंग हिल्सच्या वळणांवर माझ्यामागे का राहतात, ते मात्र सांगत नाहीत.

माझ्या गाडीत १९९६ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोरर एसयूव्हीचं पाच लिटरचं व्ही-एट आहे. तुमच्या २८९ च्याच घराण्यातलं, त्यामुळे जुन्याच माउंटवर बसतं. रोलर कॅम, चांगली हेड्स, भंगारात काही शे डॉलरला. ऑइल पॅन मात्र पुढे संप (तेल साठणारा खोल भाग) असलेला लावावा लागतो, तेल ओढणाऱ्या पिकअप नळीसकट. मागे फॉक्स मस्टँगचा (१९७९ ते ९३ च्या पिढीचा) टी-५ गिअरबॉक्स, पाचवा गिअर ०.६८ चा. हायवेवर जीव शांत होतो.

ते चालू केलं आणि गाडी थरथरायला लागली. अडीच हजार आरपीएमला आरसा दिसेना. दिवाळी होती, साडू आलेच. चकली हातात घेऊन बॉनेटमध्ये डोकावले आणि निकाल दिला, “ड्राइव्हशाफ्टचा कोन चुकलाय. जुन्या सांगाड्यात हे असंच होणार. मी म्हटलं नव्हतं?” मी गाडी जागेवरच, न्यूट्रलमध्ये रेस केली. तशीच थरथर. शाफ्ट फिरतच नाहीये तर कोनाचा संबंध काय? क्लच दाबला, तरी तेच. म्हणजे दोष इंजिनात, नाहीतर त्याला कायम जोडलेल्या वस्तूत. साडूंचं म्हणणं तरीही, शाफ्टच.

गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाचा तोल साधायला फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम असमतोल ठेवलेला असतो. जुन्या २८९ ला ते २८ औंसाच्या असमतोलाचं लागतं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या पाच लिटरला ५० औंसाचं. दोन्ही तितक्याच सहज बसतात, बोल्ट तेच. ज्या वर्कशॉपने इंजिन बांधून दिलं, त्यांनी ६६ ची गाडी बघून २८ वालं लावलं होतं. वर मालकाचं उत्तर, “बसलं होतं की!” ५० वालं लावलं आणि थरथर गेली. साडूंना फोन केला तर म्हणाले, “शाफ्ट उतरवून परत लावलास ना, म्हणून सुटला प्रश्न.” या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, पण तुम्हाला सांगतो, शाफ्ट नव्हता.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तोही बदललेला असतो. जुन्याचा १-५-४-२-६-३-७-८, एक्सप्लोररचा १-३-७-२-६-५-४-८. प्लगच्या वायरी जुन्या सवयीने लावल्यात तर कार्ब्युरेटरमधून भडका येईल. डिस्ट्रिब्युटर वापरणार असाल तर त्याचा गिअर स्टीलचा घ्या, रोलर कॅमला तोच लागतो.

मागचा अ‍ॅक्सलही एक्सप्लोररचाच, ८.८ इंची रिंग गिअरचा, डिस्क ब्रेकसकट. रुंदीला जास्त असतो, लांब बाजू कापून आखूड करून घ्यावी लागते. हे काम वेल्डिंगचा हात बसलेल्याकडेच द्या.

तुमच्या गाडीचे टॉवर आधीच कोणी कापले असतील, किंवा ती सरळ रेषेतच पळवायची असेल, तर साडूंचा मार्ग चुकीचा नाही. हे त्यांना सांगू नका. आणि काहीही उचकटण्याआधी व्हिन नंबरमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर बघा. ते ‘के’ असेल तर मूळ इंजिन हाय-परफॉर्मन्स २८९ आहे. अशा गाडीला हात लावायचा नाही.

खर्चाचा आकडा गाडी न बघता कोणी दिला तर विश्वास ठेवू नका, पहिला पैसा गंजलेल्या पत्र्यातच जातो. एक्सप्लोररमधून इंजिन काढताना पुढच्या पुली, ब्रॅकेट, टायमिंग कव्हर सगळं सोबत उचला. ते लांबीला आखूड असतं, रेडिएटरला जागा राहते. १९९७ पासूनची हेड्स निघाली तर हेडर्स (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) त्या हेड्सचेच घ्या, प्लगचा कोन वेगळा आहे, साध्या हेडर्सवर वायरी जळतात.