नवतप्यातला नाताळ

प्रश्न : ताई, मी नागपूरची, वय ६६. मुलगी-जावई डॅलसला असतात. गेल्या डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर सात वर्षांचा नातू सजवलेलं झाड दाखवत होता. मध्येच म्हणाला, "आजी, तू एकाही ख्रिसमसला नसतेस." मी बोलून गेले, "तू इकडे ये, आपण इथे करू!" आता मेच्या शेवटच्या आठवड्यात ते येताहेत आणि पठ्ठ्या रोज विचारतो, तयारी कुठवर आली? ऐन नवतप्यात, ४५ अंशांत, हे करायचं कसं? केक घरी जमेल का? जाऊ म्हणते थर्माकोलचा बर्फ करू. यजमान म्हणतात, लोक हसतील. शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, आपण थट्टा करतोय असं त्यांना वाटायला नको.
— एक आजी, नागपूर

उत्तर : ताई म्हणालात ते बरोबरच, मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी. लोक हसतील तर हसू देत. मे महिन्यातला नाताळ मी आमच्या वसईच्या घरात पाहिला आहे. १९६९ची गोष्ट, मी तेव्हा चौदा वर्षांची. थोरला भाऊ मालवाहू बोटीवर होता, त्याला सुट्टी मिळाली ती मे महिन्यात. आईनं पोटमाळ्यावरून कागदी तारा काढला, झटकला आणि ओटीवर टांगला. मे म्हणजे आमच्याकडे मरियामातेचा महिना, संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरी म्हणायला आळीतली सगळी जमायची. तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "आता कसला तारा गं?" आई म्हणाली, "देवळातला नाताळ डिसेंबरात झाला. घरातला राहिला होता."

गंमत पुढेच आहे. आईनं दोन दिवस खपून केलेल्या केकचा एक तुकडा भावानं तोंडात टाकला आणि म्हणाला, "केक बोटीवर कप्तानानंपण दिला होता. सुकटीची चटणी आहे का?" आईचा चेहरा पडला. पण रात्री बघते तर गड्याचे दोन्ही खिसे कुलकुलांनी, म्हणजे आमच्या नाताळातल्या तळलेल्या गोड शिंपल्यांनी, फुगलेले! कुलकुलं बोटीवर कोण करणार?

म्हणून सांगते, झाड, मोजे, केक हे सगळं तुमच्या नातवानं तिकडे बघितलेलं आहे. डॅलसची नक्कल करायला गेलात तर ती डॅलसपेक्षा फिकीच होणार. आणि बर्फाचं म्हणाल तर डॅलसलाही नाताळात तो क्वचितच पडतो.

आधी शेजाऱ्यांचं. सरळ जाऊन सांगा आणि त्यांनाही बोलवा. केक, तारा, सांता यांवरून कोणी रागावत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मुलींच्या एका शिबिरात १९३३च्या जुलैमध्ये असा उन्हाळी नाताळ झाला होता, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं करत नाही. एक गोष्ट मात्र मी करणार नाही. गव्हाणीत बाळ येशू ठेवून ती शोभा म्हणून कोपऱ्यात मांडणार नाही. आमच्यासाठी ती पूजेची जागा आहे. हे माझं मत झालं, शेजारीण वेगळं सांगेल तर तिचं ऐका.

थर्माकोल डोक्यातून काढा, राज्यात २०१८पासून त्यावर बंदी आहे. आणि विदर्भात राहून बर्फाला थर्माकोल? अहो, कापूस कुठे गेला? गावाकडे ओळखीच्या कुणाच्या तरी अंगणात सरपणासाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या असतील. त्यातल्या चार-पाच चांगल्या फांद्यांच्या निवडून आणा, वाळू भरलेल्या बादलीत रोवा. एखाद्या बोंडात कापूस राहिलेला असतोच, नसेल तिथे सरकीसकट चिकटवा. असं झाड डॅलसच्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही. नर्सरीतलं कुंडीतलं ख्रिसमस ट्री आणू नका, तुमच्या उन्हात त्याची पानं करपतील. पऱ्हाटी सरपण आहे हे मात्र विसरू नका. तिच्याजवळ मेणबत्ती, उदबत्ती, फुलबाजी काहीही नको. मेणबत्त्या तशाही नागपूरच्या उन्हात कमरेत वाकतील. दिवाळीची माळ आणि आकाशकंदील काढा. आमचा तारा नि तुमचा आकाशकंदील मला कायम भाऊभाऊ वाटत आलेत.

क्रेपचा कागद कूलरच्या झोतासमोर लावू नका. त्या दमट हवेनं झिरमिळ्या तासाभरात मान टाकतात. लाल पानांचा पॉइन्सेटियाही शोधत फिरू नका. लांबलचक रात्री मिळाल्याशिवाय तो लाल होत नाही, त्यामुळे मेमध्ये सगळा हिरवागार असतो. लाल रंग हवा तर सकाळी गुलमोहराखाली पडलेली फुलं वेचून परातीत पाण्यावर सोडा. नातवाला घेऊन जा वेचायला, ऊन चढायच्या आत.

आता केक. घरीच करा, पण क्रीम आणि चॉकलेट विसरा. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि तुमच्या स्वयंपाकघरात त्या वेळी ऊन चढताच तेवढं तापमान होतं. साधा फळांचा केक बरा. आम्ही मनुका, बेदाणे, टुटीफ्रुटी कित्येक आठवडे रममध्ये भिजवतो. लहान मुलांसाठी संत्र्याच्या रसात भिजवा, पण एकच रात्र आणि तीही फ्रिजमध्ये. मी एका मे महिन्यात ती बरणी ओट्यावर विसरले होते. दुसऱ्या संध्याकाळी झाकण फाट्कन उडालं आणि पांढऱ्या भिंतीवर मनुकाच मनुका. डाग अजून आहे, त्यावर मी कॅलेंडर लावलंय.

लोणी फेटायचं काम पहाटे पाचला उरका. दुपारी लोण्याचं तेल होतं, मग त्यात हवा कोंडत नाही आणि केक दडस बसतो. भट्टीही तेव्हाच लावा, नाहीतर दिवसभर घर भाजून निघेल. केक दोन दिवस आधी केला तरी चालतो, उलट मुरतो. फक्त तुमची हवा कोरडी, तेव्हा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा. वाढताना वरून चाळणीनं पिठीसाखर भुरभुरवा. केकवर बर्फ तेवढा पुरे. शेजारी संत्राबर्फी ठेवा, ती तर तुमचीच.

पण माझं ऐकाल तर केकपेक्षा जास्त वेळ कुलकुलांना द्या. ज्या घरात शंकरपाळे होतात तिथे कुलकुलं अडत नाहीत. अर्धा किलो मैदा, पाऊण वाटी रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, तीन मोठे चमचे तुपाचं कडकडीत मोहन, आणि लागेल तसं नारळाचं दूध घालून घट्ट भिजवायचं. अर्धा तास झाकून ठेवा. मग सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखे वळे उमटतात. आमच्याकडे पूर्वी यासाठी कोरी फणी वेगळी ठेवलेली असायची. तळायचं मंद आचेवर, घाई केली की आत कच्ची राहतात. वरून साखरेचा पाक चढवायचा. वसईच्या दमट हवेत तो पाझरतो आणि कुलकुलं एकमेकांना चिकटतात. तुमच्या कोरड्या हवेत छान खडखडीत राहतील, याबाबतीत मला तुमचा हेवा वाटतो. कुरडया-पापडांना आळीतल्या बायका बसतात तसं सगळ्यांनी जमिनीवर बसायचं. नातवाची पहिली वीस वाकडी होतील. तीच आधी तळा आणि त्याच्यासमोर खा.

सांता कोण होणार? यजमान असतील तर मखमली डगला घालू नका. आमच्या ह्यांनी एकदा मुलांच्या उन्हाळी शिबिरात तो चढवला होता. दहा मिनिटांत दाढीचा डिंक ओघळला आणि एक पोरगी रडायला लागली, "सांताला ताप आलाय!" पांढरी बंडी, लाल टोपी, डोळ्यांना गॉगल, तोंडाला नागपुरी पद्धतीनं पांढरा दुपट्टा. दाढीचा प्रश्नही मिटला. ओळखायचे ते चपलेवरून ओळखतीलच.

सगळं गच्चीवर, दिवस बुडाल्यावर. सहाच्या सुमारास गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी मारा, वाफ निघून जाऊ द्या, आठला सुरुवात करा. प्यायला पन्हं. भेट द्यायची तर मोठं काही नको, परतीच्या सामानात वजन होतं. पऱ्हाटीवरचं एक बोंड त्याच्या खिशात जाईलच, ते विमानतळावर अडवतील की काय, याची चौकशी मात्र मुलीला करून ठेवायला सांगा. बी-बियाण्यांच्या बाबतीत तिकडे फार कडक असतात.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. नवऱ्याच्या ऑफिसात जुलैमध्ये ख्रिसमसचं जेवण आहे, प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा. डिसेंबरात एकदा ख्रिसमस झालेला असताना पुन्हा कशाला? आणि मी काय नेऊ?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : कारण तुमच्याकडचा डिसेंबर हा आमचा मे. मेलबर्नची मंडळी १९३८पासून नाताळच्या आदल्या रात्रीची गाणी उघड्या बागेत बसून म्हणतात, ती हवा तशी असते म्हणूनच. पण युरोपातून आलेल्यांच्या आज्यांनी शिकवलेलं भाजलेलं मांस आणि गरम पुडिंग त्या उकाड्यात घशाखाली उतरत नाही, मग ते जुलैच्या थंडीत खातात. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधली हॉटेलं तर यावर चांगला धंदा करतात.

तुमचंही तेच दुखणं असणार. संक्रांत येते जानेवारीच्या रणरणत्या उन्हात, आणि तिळगूळ खाऊन अंगाची आग होते. तेव्हा जुलैत सरळ गूळपोळी न्या. तुमच्याकडे तीळ खायचा महिना तोच. सोबत तूप वेगळ्या डबीत न्या आणि तिथे गरम करून घ्या, घरून लावून नेलंत तर पोळीवरच थिजेल.