यादीत नसलेला शब्द ऐकल्यासारखा का वाटतो?

तुम्ही विचारलंय की मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘उशी, चादर, पलंग, जांभई’ अशी यादी ऐकवली, नंतर ओळखायच्या शब्दांत ‘झोप’ आला, तुम्ही खात्रीने ‘ऐकलाय’ म्हणालात आणि तो यादीत नव्हताच, मग मेमरी बिघडलीय का? अजिबात नाही.

मानसशास्त्रज्ञ जेम्स डीझला 1959 सालीच असे न ऐकलेले शब्द लोकांच्या आठवणीत घुसताना दिसले होते. पुढे 1995 मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी ओळखण्याची टेस्टही घेतली, तर न ऐकलेला मुख्य शब्द (‘झोप’सारखा, यादीतल्या सगळ्या शब्दांशी जोडलेला) लोकांनी जवळजवळ ऐकलेल्या शब्दांइतक्याच वेळा ‘होता’ म्हणून सांगितला, आणि कित्येकांना तो नुसता ओळखीचा वाटत नव्हता तर ऐकल्याचं चक्क आठवत होतं!

मी गोव्यात फोंड्याला हा विषय शिकवते, तिथे चवथीची म्हणजे गणेश चतुर्थीची यादी करते: माटोळी, मखर, दूर्वा, घुमट (आरतीला वाजवतात ते वाद्य), आरती, नेवऱ्या, फुगडी, विसर्जन असे शब्द, आणि ‘गणपती’ मुद्दाम वगळायचा. एक मुलगी तर अडूनच बसली, मॅडम तुम्ही मखरानंतर गणपती म्हणालात, मी ऐकलंय. कागद दाखवला तेव्हा कुठे गप्प झाली.

होतं काय, की प्रत्येक शब्द ऐकताना त्याच्या अर्थाच्या जवळचे शब्दही मनात जागे होतात, आठ बाजूंनी ‘गणपती’लाच धक्का बसतो आणि नंतर तो कानावर पडला की मनात आला हे वेगळं काढता येत नाही. ब्रेनर्ड आणि रेना हे संशोधक जरा वेगळं मांडतात, की आपण नेमके शब्द आणि एकूण आशय असं दोन्ही साठवतो, त्यातले नेमके शब्द लवकर पुसट होतात, आशय टिकतो. मला हे जास्त पटतं, कारण शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये स्मृतिलोपाच्या (अम्नेशियाच्या) पेशंटवर हाच प्रयोग केला तेव्हा त्यांना ऐकलेले शब्द तर कमी ओळखता आलेच, पण हा खोटा शब्दही त्यांनी इतरांपेक्षा कमी वेळा ‘ओळखला’. म्हणजे ही चूक व्हायलाही मेमरी धड लागते.

आधी सावध केलं तर चूक कमी होते, पण पूर्ण जात नाही. शब्दांसोबत चित्रं दाखवली तर बरीच घटते, कारण प्रत्येक शब्दाला स्वतःची वेगळी खूण मिळते. प्रॅक्टिकल परत करणार असाल तर टेस्टमध्ये ‘टायर’, ‘पेन्सिल’ असे संबंध नसलेले न ऐकलेले शब्दही घाला, नाहीतर माणूस सगळ्यालाच ‘हो’ म्हणतोय की अर्थामुळे फसतोय हे कळणार नाही.