जुनी रील घरघरते? आधी आवाज कुठून येतो ते ऐका

दिवाळीच्या साफसफाईत बऱ्याच घरी माळ्यावरून मासे पकडायच्या गळाच्या जुन्या स्पिनिंग रील निघालेल्या दिसतात, कारण यावेळचे प्रश्न जवळपास सगळे आवाजाचेच आहेत. म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न (महाल): दादा, बाबांची मिचेल ३०० रील सापडली, ते अंबाझरी तलावावर घेऊन बसायचे. हँडल फिरवलं की घर्र घर्र करते. वरून भरपूर तेल सोडलं, दोन दिवस बरी वाटली, आता परत तेच. गिअर गेले का?

गिअर गेले असं लगेच धरू नका भाऊ. ही रील फ्रान्सच्या क्लूझ गावची, कार्पानो ए पॉन्स कंपनीची, आणि ते गावच मुळात घड्याळाच्या कामासाठी ओळखलं जायचं, त्यामुळे आतलं काम मजबूत असते. इतकी वर्षं पडून राहिलेल्या रीलमध्ये दात बहुतेक वेळा शाबूत असतात, खराब झालेलं असते ते ग्रीस. त्यातलं तेल उडून किंवा गळून जाते आणि मागे मेणासारखा कडक थर राहतो, त्यात धूळ आणि धातूचा बारीक चुरा अडकलेला असतो आणि तोच दातांमध्ये घासला जातो. तुम्ही वरून तेल सोडलं तेव्हा तो थर थोडा भिजला म्हणून दोन दिवस बरं वाटलं, पण घाण आतच आहे ना.

म्हणजे उघडावीच लागेल. घाबरायचं काही नाही, फक्त घाई करू नका. स्पूल, म्हणजे लाइन (गळाचा दोरा) गुंडाळलेली फिरकी, काढा, हँडल काढा, मग साइड प्लेट, आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. स्क्रूड्रायव्हर खाचेत बरोबर बसणारा घ्या, लहान घेतला तर खाच फाटते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. मोठ्या गिअरच्या दांड्यावर पातळ वॉशर असतात, त्यांना शिम म्हणतात, ते जुन्या ग्रीसला चिकटून येतात आणि पुसायच्या चिंधीसोबत कचऱ्यात जातात, तेव्हा चिंधी टाकायच्या आधी नीट झटकून बघा. कोणता शिम कोणत्या बाजूला होता हे लिहूनच ठेवा.

धुवायला रॉकेल आता सहजी मिळत नाही, पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालते. धातूचे पार्ट त्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. प्लास्टिक आणि रंग दिलेल्या भागांना ते लावू नका, त्यांना भांड्याचं लिक्विड आणि कोमट पाणी पुरे. पेट्रोल वापरायचं नाही, घरात तर अजिबातच नाही.

सगळं कोरडं झालं की उजेडात एकेक दात पाहा. नुसती चमक असेल तर ठीक, पण दाताला धार आली असेल किंवा तुकडा उडालेला असेल तर तो आवाज ग्रीसने जाणार नाही, गिअरच शोधावा लागेल. दात चांगले असतील तर दोन्ही गिअरच्या दातांवर ग्रीसचा पातळ थर लावा, बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आणि दांड्यावर एकेक थेंब तेल, बस. काही जण अख्खी बॉडी ग्रीसने भरून टाकतात. त्याने आवाज दबतो हे खरं, पण हँडल जड होते आणि जास्तीचं ग्रीस दांड्यावरून बाहेर येऊन लाइनला लागते.

प्रश्न (कामठी): माझी रील फिरवताना टकटक टकटक वाजते. आत काही तुटलं का?

अँटी-रिव्हर्सचा, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा, खटका बंद करून फिरवा. आवाज गेला तर रील ठणठणीत आहे. जुन्या रीलमध्ये एक छोटी कळ दातेरी चाकावर घसरत जाते, तिचाच हा आवाज, आणि तो कंपनीतून निघाली तेव्हापासून आहे. त्याला बंद करायच्या नादात तिथे घट्ट ग्रीस थापू नका, कळ चिकटून राहिली तर मोठा मासा लागल्यावर हँडल उलटं फिरून बोटावर बसते.

प्रश्न (मानेवाडा): कोणतं तेल घालू? घरी शिलाई मशीनचं आहे, खोबरेल आहे, आणि गाडीचं ग्रीसही आहे.

शिलाई मशीनचं तेल उत्तम आहे ताई. बेअरिंग, बेलचे (लाइन स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कडीचे) दोन्ही सांधे, हँडलची मूठ, सगळीकडे एकेक थेंब. खोबरेल मात्र नको, ते साधारण २४ अंशाखाली गोठायला लागते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे नेमकं तुम्ही तळ्यावर पोचलात की रील जाम. मोहरीचं, जवसाचं तर हातच लावू नका, ते सुकून चिकट होते.

गाडीचं लिथियम ग्रीस गिअरला चालते, पण थोडंसंच, आणि डब्यातलं घट्ट वाटलं तर त्यात मशीनच्या तेलाचे दोन थेंब कालवून घ्या. डब्ल्यूडी-४० बद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगतो, अडकलेला स्क्रू सोडवायला छान, पण वंगण म्हणून टिकत नाही आणि असलेलं ग्रीसही पातळ करून टाकते.

प्रश्न (हिंगणा): रिकामी फिरवली तर एकदम शांत, मासा लागला की मात्र चूं चूं सुरू. मित्र म्हणतो गिअरच.

मित्राला सांगा थांब जरा. वजन आल्यावरच चूं चूं येत असेल तर पहिला संशय लाइन रोलरवर, म्हणजे बेलच्या टोकाला जिथून लाइन वळते तो छोटा रोलर. बोटाने फिरवून पाहा, अडकला असेल तर काढून आतली घाण पुसा आणि सुईच्या टोकाने थेंबभर तेल द्या. मग कापसाचा बोळा त्यावरून फिरवा, धागे अडकले तर लाइनने तिथे चर पाडलाय आणि रोलर बदला, नाहीतर चांगला रोहू ऐन काठावर लाइन तोडून जाईल. काही जुन्या रीलमध्ये तो फिरतच नाही, मुळात पक्का बसवलेला असतो, तिथे फक्त चर आहे का एवढंच बघायचं.

प्रश्न (प्रतापनगर): तुमच्यासारखंच सगळं धुवून ग्रीस केलं, आबू कार्डिनल आहे, आता आधीपेक्षा जास्त आवाज करून राहिली!

दोन शक्यता. एक, जुनं घट्ट ग्रीस आवाज दाबून होतं, आता खरा आवाज कळतोय. दुसरी, शिम हरवला किंवा भलत्या बाजूला बसला. हँडल आतबाहेर हलवून पाहा, खडखड हलत असेल तर शिम कमी आहे. ०.१ मिमीचा घालून पाहा, एका वेळी एकच, आणि हँडल जड व्हायला लागलं किंवा बारीक किणकिण आली तर तो जास्त झाला, काढून घ्या. स्वीडनची जुनी कार्डिनल ३ आणि ४ वर्म गिअरवर (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरवर) चालतात, त्यात दात एकमेकांवर घसरतात, म्हणून इतर रीलपेक्षा थोडं जास्त आणि जरा घट्ट ग्रीस लागते. पातळ लावलं असेल तर तेच आधी बदलून बघा, शिमच्या मागे नंतर लागा.

प्रश्न (वाडी): ड्रॅगलाही तेच ग्रीस लावू का? झटके देते.

नको. ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की लाइन थोडी थोडी सोडणारा ब्रेक, तो वॉशरच्या घर्षणावर चालतो. फेल्टचे (नमद्यासारखे) वॉशर असतील तर काढून, पुसून, दोन-तीन थेंब तेल मुरू द्या, कडक होऊन चपटे झाले असतील तर नवेच घाला. कार्बनच्या वॉशरला ड्रॅगसाठीचं वेगळं ग्रीस मिळते तेच. घरी आल्यावर ड्रॅगचा नॉब सैल करून ठेवा, आणि मे महिन्यात रील गाडीच्या डिक्कीत सोडू नका, ४५ अंशांच्या उन्हात ग्रीसमधलं तेल सुटून नेमकं या वॉशरवर येते.